सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून घरगुती व्यवसाय: काय आधी, काय नंतर

गणपतीला महिना उरला की ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही मोठ्या संकुलाच्या ग्रुपवर एकाच छापाचे मेसेज यायला लागतात. "उकडीचे मोदक ऑर्डरप्रमाणे मिळतील." खाली इंटरनेटवरून उचललेला फोटो, त्याखाली दोन फोन नंबर. एका दिवसात असे पाच-सहा. त्यातल्या बहुतेकींना ओळखीच्या चार ऑर्डर मिळतात आणि विषय तिथेच संपतो. एखादीला मात्र भरमसाट मिळतात. मग चतुर्थीच्या सकाळी तिच्या फोनवर "काकू, आमचे मोदक निघाले का?" असे मेसेज साचत जातात आणि उत्तर द्यायला हात मोकळा नसतो, कारण हाताला उकड लागलेली असते.

दोघींचीही चूक एकच. मेसेज आधी टाकला, तयारी नंतर सुरू केली.

ठाणे-नवी मुंबईत आज एका संकुलात शेकडो घरं असतात आणि ती सगळी दोन-तीन ग्रुपांवर सापडतात. रस्त्यावर गाळा न घेता गिऱ्हाईक मिळण्याची ही सोय खरी आहे. पण तिचा क्रम चुकला तर धंदाही जातो आणि शेजारही. खालचे टप्पे त्या क्रमासाठी आहेत. उदाहरण मोदक-फराळाचं घेतलं आहे, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. शिकवणी, शिवणकाम, साड्या, केक यांनाही टप्पा २ मधले खाण्याचे नियम सोडले (केकला तेही लागू आहेतच) तर बाकी सगळं तसंच लागू पडतं.

वेळ किती लागेल? सणाच्या आधी किमान सहा ते आठ आठवडे हाताशी ठेवा. गणपतीचं काम करायचं असेल तर आषाढातच वही उघडायला हवी.

टप्पा १: आधी वही, मग फोन

पहिला प्रश्न "किती ऑर्डर मिळतील?" हा नाही. "मी किती ऑर्डर पूर्ण करू शकते?" हा आहे. याचं उत्तर अंदाजाने देऊ नका. एका रविवारी घड्याळ लावून करून बघा.

मोदकांचाच हिशेब मांडू. समजा तुमच्या मोदकपात्रात एका घाण्यात २१ मोदक बसतात आणि वाफवायला १२ ते १५ मिनिटं लागतात. बघणाऱ्याला वाटतं, तासाला चार घाणे सहज निघतील. पण वेळ वाफेत जात नाही, वळण्यात जातो. पारी करून, सारण भरून, कळ्या पाडून एक मोदक मिटवायला दोन मिनिटं धरली तर एका माणसाचे तासाला ३० मोदक. पहाटे ३ ते ९ असे सहा तास मिळाले, त्यातला दीड तास उकड काढण्यात, मळण्यात आणि डबे भरण्यात गेला, तर उरले साडेचार तास. म्हणजे १३५ मोदक. नैवेद्याला २१ चा डबा धरला तर सहा ऑर्डर.

सहा! ग्रुपवर हजार माणसं असताना तुमची खरी कुवत सहा ऑर्डरची आहे. बहीण किंवा शेजारीण वळायला बसली तर बारा. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठा लिहा. पुढचं सगळं त्याच्यावर ठरतं.

आता खर्च. नारळ, गूळ, तांदळाची पिठी, साजूक तूप, वेलची एवढं सगळ्याजणी धरतात. विसरतात ते हे:

– गॅस
– डबा, झाकण, बटर पेपर, लेबल, पिशवी
– फुटलेले आणि चिरलेले मोदक (पहिल्या वर्षी भरपूर धरा)
– सामान आणायची रिक्षा
– स्वतःची मजुरी

शेवटचा मुद्दा गाळला की भाव एकदम स्वस्त दिसतो आणि दिवाळीपर्यंत कंबर आणि उत्साह दोन्ही मोडतात. तासाला अमुक इतके, असा आकडा ठरवा आणि तो खर्चातच मिळवा. जास्त माल लागणार असेल तर वाशीच्या एपीएमसीतून किंवा ठाण्यात जांभळी नाक्यावरून घाऊक घेतल्यावर किती वाचतं ते एकदा काढा. मात्र सहा ऑर्डरींसाठी वाशीपर्यंत जाण्यात वाचवलेले पैसे भाड्यातच जातात.

सावध: शेजारच्या टॉवरमधल्या ताईंचा भाव बघून आपला भाव पाच रुपयांनी कमी ठेवू नका. त्यांना घरात मदतीला सासूबाई असतील, तुम्हाला नसतील. आणि एकदा खाली लावलेला भाव सोसायटीत वर नेता येत नाही. गिऱ्हाईक रोज लिफ्टमध्ये भेटतं.

पदार्थ सुरुवातीला दोन किंवा तीनच. "सर्व प्रकारचे महाराष्ट्रीयन पदार्थ मिळतील" असं लिहिणाऱ्या घरातून नेमकं काय मागवायचं हे कुणालाच सुचत नाही.

टप्पा २: कागदपत्रं

घरून खाण्याचे पदार्थ विकायचे तर अन्न सुरक्षा कायद्याखाली (२००६ चा) एफएसएसएआय या केंद्रीय अन्न प्राधिकरणाची नोंदणी लागते. "आपण तर घरीच करतो" ही सबब चालत नाही. लहान व्यवसायाला मूलभूत नोंदणी पुरते. फॉसकॉस या सरकारी पोर्टलवर स्वतः अर्ज भरता येतो. फोटो, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा हाताशी ठेवा. नोंदणी झाली की १४ आकडी नंबर मिळतो. तो लेबलवर, बिलावर आणि पुढे व्हॉट्सॲपच्या कॅटलॉगमध्ये (टप्पा ३) टाका.

उद्यम (लहान उद्योगांची सरकारी) नोंदणीही करून ठेवा. बँकेत चालू खातं उघडताना किंवा पुढे कर्ज घेताना ती कामाला येते. ही नोंदणी पूर्ण मोफत आहे. तिच्यासारख्याच दिसणाऱ्या, पैसे मागणाऱ्या खासगी वेबसाइट खूप आहेत. पत्ता नीट वाचून सरकारी संकेतस्थळावरच जा. जीएसटीची मर्यादा या पातळीवर सहसा गाठली जात नाही. उलाढाल वाढायला लागली की सीएला विचारा, ग्रुपवर नको.

चकली, लाडू, मेतकूट असं आधीच पाकिटात भरून विकणार असाल तर लेबल कोरं ठेवून चालणार नाही. पदार्थाचं नाव, घटकांची यादी, निव्वळ वजन, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत खावं, किंमत, तुमचं नाव-पत्ता, नोंदणी नंबर आणि शाकाहाराची हिरवी खूण हे सगळं हवं.

सोसायटीच्या समितीला एक साधं पत्र द्या: घरून अमुक पदार्थ करते, बाहेरची माणसं फ्लॅटवर येणार नाहीत, कचरा ओला-सुका वेगळा देईन. शेवटची दोन वाक्यं महत्त्वाची आहेत. समितीचा विरोध बहुतेक वेळा धंद्याला नसतो. लिफ्टमध्ये चढणाऱ्या अनोळखी माणसांना आणि जिन्यात पसरणाऱ्या तळणाच्या वासाला असतो.

तपासा: नोंदणी नंबर हातात आला का? समितीला दिलेल्या पत्राची पोच घेतली का? दोन्ही झाल्याशिवाय पुढच्या टप्प्यात वेळ घालवू नका.

टप्पा ३: फोन आणि पैसे

व्यवसायासाठी वेगळा नंबर घ्या. साधं व्हॉट्सॲप आणि व्हॉट्सॲप बिझनेस ही दोन वेगळी ॲप असल्याने दोन सिमच्या एकाच फोनवर दोन्ही चालतात. बिझनेस ॲप मोफत आहे. त्यात हे आधी भरून घ्या.

कॅटलॉग: पदार्थ, वजन किंवा नग, भाव, दोन ओळी माहिती. फोटो स्वतःचे. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, घरच्याच ताटलीत. फिल्टर नको. आकार कळावा म्हणून एका फोटोत मोदक तळहातावर ठेवा. उचललेल्या फोटोतला मोदक आणि तुमचा मोदक वेगळा दिसला की पहिल्याच ऑर्डरला "फोटोत तर मोठा होता" हे वाक्य ऐकावं लागतं.

झटपट उत्तरं: "भाव काय?", "कांदा-लसूण असतं का?", "घरपोच मिळेल का?" या तीन प्रश्नांची उत्तरं आधीच लिहून ठेवा. दिवसातून वीस वेळा तेच टाइप करणं वाचतं.

लेबल: ॲपमध्ये प्रत्येक चॅटला रंगीत लेबल लावता येतं. "ऑर्डर पक्की", "पैसे आले", "पोचवलं" एवढी तीन पुरेत.

दूर असतानाचा मेसेज: रात्री १० नंतर आपोआप जाणारं उत्तर. "सकाळी ९ नंतर उत्तर देते." हे नसेल तर लोकांना वाटतं, तुम्ही मुद्दाम वाचून सोडलं.

लगेच टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन लावा. "चुकून तुमच्या नंबरवर सहा आकडी कोड आलाय, पाठवता का?" असा मेसेज ओळखीच्या नंबरवरून आला तरी कोड द्यायचा नाही. तो दिला की तुमचं खातं समोरच्याच्या हातात जातं आणि तुमच्या सगळ्या गिऱ्हाइकांकडे तुमच्या नावाने पैसे मागितले जातात. रंग बदलणारी, जास्त सोयी देणारी बनावट व्हॉट्सॲप ॲपही वापरू नका. खातं बंद पडतं आणि गिऱ्हाइकांची सगळी बोलणी त्यासोबत जातात.

पैशांसाठी वेगळं बँक खातं आणि त्याचा यूपीआय क्यूआर. घरखर्चाच्या खात्यात धंद्याचे पैसे आले की महिन्याअखेरीस काय कमावलं ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

टप्पा ४: ग्रुप ओळखणं (हा टप्पा सगळेजण गाळतात)

सगळे ग्रुप एका मापाचे नसतात. साधारण असे प्रकार दिसतात:

सोसायटीचा अधिकृत ग्रुप. पाणी बंद, लिफ्ट बंद, सभेची नोटीस. इथे विक्रीचा मेसेज म्हणजे पहिल्याच दिवशी नाव खराब.

टॉवरचा किंवा विंगचा ग्रुप. माणसं कमी, ओळख जास्त. तुमच्या पहिल्या ऑर्डर इथूनच येतात.

भिशीचा, योगाचा, भजनी मंडळाचा ग्रुप. इथे मेसेज टाकायची गरजच नाही. भेटीच्या दिवशी एक डबा घेऊन जा.

शाळेच्या बसचा, पालकांचा ग्रुप. केक आणि डब्याच्या खाऊला उत्तम. पण परीक्षेच्या आठवड्यात कुणी बघत नाही.

संकुलाचा खरेदी-विक्रीचा ग्रुप. परवानगी असते, पण तिथे सगळेच विकतात. जुना सोफा, भाड्याचा फ्लॅट आणि तुमचे मोदक एकाच रांगेत.

फेसबुकवरचे गावभरचे ग्रुप: खारघर, ऐरोली, नेरूळ, ठाणे पश्चिम. माणसं हजारोंनी, पण ओळख शून्य. तिथे फ्लॅट नंबर कधीही टाकू नका. परिसराचं नाव आणि व्यवसायाचा नंबर एवढंच.

व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपमध्ये १०२४ पर्यंत माणसं मावतात. मोठ्या संकुलांचे ग्रुप या आकड्याला टेकलेले असतात म्हणून हुरळून जाऊ नका. बहुतेकांनी ते म्यूट केलेले असतात. चाळीस घरांचा विंगचा ग्रुप त्यापेक्षा जास्त ऑर्डर देतो.

आता खरं काम. पुढचे तीन-चार आठवडे ग्रुपवर काहीही विकायचं नाही. उपयोगी पडायचं. कुणी विचारलं, "केळीची पानं कुठे मिळतील?" तर सांगा, जांभळी नाक्याला सकाळी लवकर जा. कुणाचा प्रश्न, "साबुदाणा चिकट होतो, काय करू?" तर दोन ओळींत उत्तर द्या. त्या उत्तराच्या शेवटी "माझ्याकडे साबुदाणा वडेही मिळतील" हे जोडायचं नाही! तेवढ्या एका ओळीने आधीच्या दोन ओळींची किंमत जाते. लोक बोलून दाखवत नाहीत, पण लक्षात ठेवतात.

याच काळात वाचत राहा. कोण कशाची तक्रार करतं? मागच्या वर्षी फराळ कुणाकडून घेतला आणि काय बिनसलं? वाशी-नेरूळ काय किंवा घोडबंदर काय, एका मजल्यावर मराठी, गुजराती, तमिळ, बंगाली घरं शेजारी-शेजारी असतात. जैन घरांना कांदा-लसूण आणि कंदमुळं चालत नाहीत, चातुर्मासात तर अनेकजण जास्तच काटेकोर असतात. केरळी शेजाऱ्याला "उकडीचे" म्हणजे काय ते सांगावं लागेल, "भाजणी" तर नक्कीच. ही माहिती मेसेज लिहिताना उपयोगी पडते.

मग ॲडमिनला वैयक्तिक मेसेज करा. हा असा:

"नमस्कार दादा. मी बी विंगमधली, ७०४. गणपतीसाठी घरी मोदक करणार आहे. एफएसएसएआय नोंदणी झाली आहे, समितीलाही पत्र दिलं आहे. ग्रुपवर एकच मेसेज टाकला तर चालेल का? मजकूर खाली देते. बदल हवा असेल तर सांगा."

परवानगी मागणाऱ्याला सहसा नकार मिळत नाही. आणि पुढे कुणी ग्रुपवर "इथे जाहिरात कशाला?" म्हणालं तर उत्तर ॲडमिन देतात, तुम्हाला तोंड उघडावं लागत नाही.

टप्पा ५: पहिला मेसेज

नेहमी येणारा मेसेज आधी बघू:

"आमच्याकडे शुद्ध, सात्त्विक, स्वादिष्ट उकडीचे मोदक, पुरणपोळी, फराळाचे सर्व पदार्थ योग्य दरात ऑर्डरप्रमाणे मिळतील. एकदा अवश्य संधी द्या. कृपया फॉरवर्ड करा."

यात भाव नाही, तारीख नाही, कुठे राहता ते नाही, किती मिळतील ते नाही. "योग्य दर" वाचून कुणी फोन उचलत नाही. आणि "फॉरवर्ड करा" म्हणजे डोंबिवलीहून फोन येण्याची सोय. तिथे पोचवणार कोण?

त्याऐवजी:

"नमस्कार मंडळी. मी बी विंग, ७०४. ॲडमिनना विचारून हा मेसेज टाकते आहे. गणेश चतुर्थीला सकाळी उकडीचे मोदक करणार आहे (तांदळाच्या पिठीचे, वाफवलेले). सारण ओला नारळ आणि गूळ. साजूक तूप, वेलची. सुका मेवा नाही. २१ चा डबा. एकूण सहाच डबे करणार आहे. सकाळी ९ ते १०.३० मध्ये आपल्या संकुलातच घरपोच. भाव आणि फोटो कॅटलॉगमध्ये आहेत. ऑर्डरसाठी मला वैयक्तिक मेसेज करा, कृपया इथे नको."

शेवटचं वाक्य गाळू नका, त्याचं कारण पुढच्या टप्प्यात येईल. आणि "सहाच डबे" हे खरं असेल तरच लिहा. सहा म्हणून पंधरा घेतले तर तीच मंडळी आरतीला एकत्र भेटतात, आकडा बाहेर येतो.

केव्हा टाकायचा? सणाआधी साधारण दोन आठवडे, रविवारी सकाळी नाश्त्यानंतर. कामाच्या दिवशी टाकायचाच तर रात्री ९ च्या पुढे. संध्याकाळी ६ ते ८ मध्ये अर्धा ग्रुप लोकलमध्ये लटकलेला किंवा माजिवड्याच्या सिग्नलला अडकलेला असतो.

एकदाच टाका. "रिमाइंडर" नको. डबे भरले की एक ओळ: "सहाही डबे भरले, धन्यवाद." ही ओळ दिवाळीच्या वेळी फळ देते.

सावध: मेसेजखाली बहिणीने, जावेने, मैत्रिणीने "व्वा, यांच्या हाताला चव आहे!" असं लिहू नये. घरातून आलेली शाबासकी सगळ्यांना ओळखू येते.

टप्पा ६: ऑर्डर चॅटमधून वहीत

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. अनेक ग्रुपांवर ऑर्डरची यादी ग्रुपमध्येच चालते. पहिली व्यक्ती लिहिते, "१. ए-३०२, २१ मोदक." दुसरी ते कॉपी करून खाली आपली ओळ जोडते, तिसरी आपली. आठव्या-नवव्या नावाला दोघीजणी एकाच वेळी कॉपी करतात. एकीच्या यादीत दुसरी नाही, दुसरीच्या यादीत पहिली नाही. पुढच्या माणसाने त्यातली कुठलीही एक यादी उचलली की एक नाव गळालं. ते गळालं आहे हे चतुर्थीच्या सकाळीच कळतं, कारण त्या बाईंनी आपलं नाव स्वतः लिहिलेलं असतं आणि त्या निर्धास्त असतात.

म्हणून ऑर्डर वैयक्तिक चॅटवरच घ्या आणि तिथून लगेच वहीत किंवा गुगल शीटमध्ये उतरवा. रकाने इतकेच: नाव, विंग-फ्लॅट, पदार्थ, नग, तारीख-वेळ, रक्कम, पैसे आले का, विशेष सूचना. "विशेष" हा रकाना गाळू नका. "घरात शेंगदाण्याची ॲलर्जी", "आजींना मधुमेह, दोन मोदक कमी गोड" हे चॅटमध्ये वर सरकून गेलं की सापडत नाही.

उतरवल्यावर गिऱ्हाइकाला परत पाठवा: "बी-११०१, २१ मोदक, चतुर्थी, सकाळी ९.३०, रक्कम अमुक. बरोबर ना?" त्यांचा "हो" येईपर्यंत ऑर्डर पक्की नाही.

सणाच्या ऑर्डरला निम्मे पैसे आगाऊ घ्या. शेजाऱ्याकडे कसे मागायचे, हा संकोच सगळ्यांना होतो. झटपट उत्तरातच लिहून ठेवा: "निम्मी रक्कम आगाऊ आल्यावर नोंद होते." सगळ्यांना तेच वाक्य गेलं की कुणाला वाईट वाटत नाही.

पैशांबाबत तीन गोष्टी पक्क्या करा.

एक, स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. तो बनवता येतो. स्वतःच्या बँक ॲपमध्ये रक्कम दिसली तरच "पैसे आले" हे लेबल.

दोन, पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. कुणी "हा क्यूआर स्कॅन करा, पैसे येतील" म्हणालं तर ते पैसे तुमच्या खात्यातून जाणार आहेत.

तीन, अनोळखी नंबरवरून अचानक मोठी ऑर्डर. "मी लष्करात आहे, युनिटसाठी २०० लाडू हवेत, भाव विचारत नाही, पेमेंट आमच्या पद्धतीने होईल." ही ठरलेली फसवणूक आहे. भाव न विचारणारं गिऱ्हाईक ठाण्यात अजून जन्माला यायचंय. फसलात तर वेळ न घालवता १९३० या हेल्पलाइनवर कळवा. पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम रोखली जाण्याची शक्यता जास्त असते.

तपासा: सणाच्या आदल्या संध्याकाळी वहीतल्या नगांची बेरीज करा आणि टप्पा १ मधल्या आकड्याशी ताडून बघा. बेरीज जास्त असेल तर आत्ताच एका घरी फोन करून नाही म्हणा आणि आगाऊ रक्कम परत करा. संध्याकाळी दिलेला नकार लोक समजून घेतात.

टप्पा ७: पोचवणं

नैवेद्य दुपारपर्यंत दाखवायचा असतो, त्यामुळे साडेदहा म्हणजे साडेदहाच. विंगप्रमाणे क्रम लावा, वेळेप्रमाणे नको. लिफ्टमध्ये अर्धा तास वाचतो. डबे आदल्या रात्रीच नाव-फ्लॅट लिहून मांडून ठेवा. गरम मोदक लगेच झाकणबंद केले की वाफेचं पाणी सुटून तळ चिकट होतो. आधी ओलसर कापडाखाली थोडे निवू द्या, मग डब्यात.

दुसऱ्या संकुलात द्यायचं असेल तर गेट ॲपवर (बाहेरच्यांना आत सोडायची परवानगी देणारं संकुलाचं ॲप) त्या घराला आधीच मंजुरी द्यायला सांगा. नाहीतर वॉचमनच्या टेबलाजवळ तुम्ही उभे आणि वर कुणी इंटरकॉम उचलत नाही. पहिल्या वर्षी चालत जाता येईल एवढ्याच अंतरातलं घ्या. घोडबंदर रोडवर सणाच्या सकाळी मानपाडा ते कासारवडवली किती वेळ लागेल ते कुणी सांगू शकत नाही.

कुणी स्वतः न्यायला येणार असेल तर लॉबीत बोलवा, फ्लॅटवर नको. समितीला दिलेला शब्दही राहतो आणि तुम्ही घरी एकट्या असाल तर बरंही.

टप्पा ८: ग्रुपवर तक्रार आली तर

येणारच. "आज घेतलेल्या मोदकांचं सारण आंबूस लागलं" असं कुणीतरी दोनशे माणसांसमोर लिहील. पुढचा अर्धा तास तुमचा धंदा ठरवतो. क्रम हा:

आधी ग्रुपवर एकच ओळ. "वहिनी, कळवलंत ते बरं झालं. लगेच तुम्हाला फोन करते." खुलासा नाही, "बाकी कुणाची तक्रार नाही" हे तर अजिबात नाही.

मग फोन, मेसेज नव्हे. कधी उघडलं, कुठे ठेवलं होतं, किती खाल्लं ते विचारा. चूक कुणाची हे ठरवायच्या आधी पैसे परत करा. एका डब्याच्या पैशांवरून वाद घालण्यात फायदा शून्य.

त्याच घाण्यातले डबे आणखी कुणाकडे गेले ते वहीत बघा आणि त्यांना स्वतःहून फोन करा. हे टाळण्याचा मोह होतो. टाळू नका; खाण्याच्या बाबतीत ही जबाबदारीच आहे.

शेवटी ग्रुपवर पुन्हा एक ओळ: "वहिनींशी बोलणं झालं, रक्कम परत केली आहे. त्या घाण्यातल्या इतर घरांनाही कळवलं आहे." एवढंच. नवऱ्याने किंवा मुलाने तुमच्या बाजूने ग्रुपवर उतरू नये. दोन ओळींचा विषय दोन दिवस चालतो.

टप्पा ९: स्वतःची यादी

दहा-पंधरा घरं झाली की प्रत्येकाला विचारा, "पुढच्या वेळी कळवू का?" हो म्हणणाऱ्यांचीच ब्रॉडकास्ट यादी (एकच मेसेज प्रत्येकाला वेगळा पोचवणारी) करा. एका यादीत २५६ पर्यंत संपर्क बसतात. मेसेज फक्त त्यांनाच पोचतो ज्यांनी तुमचा नंबर फोनमध्ये साठवला आहे, म्हणून डब्याच्या लेबलवर "नंबर सेव्ह करा" असं लिहा.

सोसायटीच्या ग्रुपमधून नंबर उचलून स्वतःचा ग्रुप बनवू नका आणि कुणाला न विचारता त्यात घालू नका. लोक बाहेर पडताना "रिपोर्ट" दाबतात. तसे पुरेसे जमले की व्हॉट्सॲप तुमच्या नंबरवर निर्बंध घालतं, आणि तेही नेमकं दिवाळीच्या तोंडावर.

गुगलवर व्यवसायाची नोंद करायची असेल तर घरचा पत्ता लपवून फक्त सेवा देता तो परिसर दाखवता येतो, तसंच करा. प्रतिक्रिया मागा, पण "पाच तारे द्या आणि पन्नास रुपये सूट घ्या" हे गुगलच्या नियमात बसत नाही. खाण्याचे रील करणाऱ्यांकडून पैसे देऊन व्हिडिओ करून घेणार असाल तर तो सशुल्क आहे हे त्यात स्पष्ट दिसायला हवं. माझं मत विचाराल तर बारा डब्यांच्या स्वयंपाकघराला रीलची गरजच नाही. ते बघून भांडुप आणि पनवेलहून फोन येतील, आणि तुम्ही दिवसभर "सॉरी, तिथे देत नाही" हेच लिहीत बसाल.

अनंत चतुर्दशी झाली की एक दुपार काढून हिशेब मिटवा. वहीतल्या रकमा बँकेच्या नोंदींशी जुळवा, उरलेले डबे मोजा, आगाऊ देऊन ऑर्डर रद्द केलेल्यांचे पैसे परत गेले का ते बघा. "विशेष" रकान्यातल्या सूचना त्या-त्या संपर्काच्या नावापुढे लिहून ठेवा. मग दिवाळीसाठी टप्पा १ पुन्हा: एका घाण्यात किती चकल्या, तासाला किती घाणे. फराळाच्या ऑर्डरींची नोंद दसऱ्याला उघडायची असेल तर भाजणी त्याच्या आधी भाजून, दळून, एक किलोची चकली करून बघितलेली हवी.